दारामागचा फळा

मोठ्या बाईंनी आयुष्यात वह्यांचे ढीग तपासले होते, पण त्या बुधवारी दुपारी आठ पानांच्या एका पुस्तिकेने त्यांना घाम फोडला.

पुस्तिका त्यांच्याच शाळेची होती. छापखान्यातून आलेली कच्ची प्रत, चारच्या आत तपासून परत करायची. शनिवारी अकरा वाजता शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. वर्गात नवं काही करून बघणाऱ्या शिक्षकांसाठी शाळेत एक कायमचा निधी सुरू होणार होता आणि त्याला निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मोठ्या बाईंचं नाव द्यायचं ठरलं होतं. निधी देणारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिचा बाटल्यांची झाकणं बनवायचा कारखाना होता, म्हणून सगळे तिला कारखानदारीण म्हणत आणि तिलाही ते आवडे. शनिवारी ती सगळ्यांच्या देखत कागदावर सही करणार होती.

पाचव्या पानापर्यंत बाईंची लाल पेन्सिल मजेत चालली होती. चार ठिकाणी त्यांना 'थोर' म्हटलं होतं, त्यातले तीन 'थोर' त्यांनी उडवले आणि एक ठेवला. त्यांच्या वयात कुणीतरी दोन वर्षांची सूट दिली होती, तीही परत केली. मग हे वाक्य आलं: 'फळ्यावरच्या प्रयोगात काही चुकलं, तरी बाईंनी एकाही शिक्षकाला कधी एकटं सोडलं नाही.'

पेन्सिल थांबली ती थांबलीच.

"काय झालं वहिनी? तुमची जन्मतारीख चुकली का परत?" नणंदेने विचारलं. नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली होती. बाईंचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहत. तीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून देण्यात गेल्यामुळे समोरचं माणूस गप्प बसलं, की तिला चैन पडत नसे.

"एक वाक्य खोटं आहे," बाई म्हणाल्या.

"एकच? मग छापखान्याचं अभिनंदन करा."

बाई हसल्या नाहीत. आता हा फळा काय होता, ते सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच टांगलेली आहे.

बाई मुळात गणिताच्या. शिवणकाम करून मुलं वाढवणाऱ्या आईची ही थोरली मुलगी. मापात कसूर झाली की आई शिवण उसवायला लावायची, तोच करडेपणा हिच्यात उतरला. मुख्याध्यापिका झाल्या त्याच वर्षी त्यांनी आपल्या खोलीच्या दारामागे एक छोटा फळा लावला. ज्या शिक्षकाला काही नवं करायचं असेल त्याने सोमवारी तिथे एका ओळीत लिहायचं. वर्ग कोणता, करणार काय, कोणत्या वारी, बस्स. अर्ज नाही, सही नाही, शिक्का नाही. बाईंना पटलं नाही, तर त्या ओळ पुसत आणि त्या शिक्षकाला बोलावून कारण सांगत. बुधवारी शाळा सुटेपर्यंत ओळ राहिली म्हणजे परवानगी. कागदी घोडे नाचवण्याचा बाईंना मनस्वी कंटाळा होता.

या फळ्याने शाळेत धमाल उडवून दिली. गणिताचा तास बाजारातल्या तराजूपाशी भरला. इतिहासाच्या बाईंनी मुलांकडून स्वतःचीच परीक्षा घेववली आणि त्यात नापास झाल्या. इतर शाळांतून माणसं बघायला येऊ लागली. काही बिघडलं तर काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. बाईंनीही नाही.

तिसऱ्या वर्षी बिघडलं. विज्ञानाचे एक तरुण सर होते, नोकरीचं दुसरंच वर्ष, अजून कायम झालेले नव्हते. त्यांनी सोमवारी फळ्यावर लिहिलं: 'सातवी ब, वाफेवर फिरणारं चाक, गुरुवार.' बाईंनी वाचलं, पुसलं नाही. गुरुवारी दुसऱ्या तासाला डब्याचं झाकण उडालं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. मुलगी पुढे बरी झाली, व्रण मात्र राहिला. पण त्या दुपारी तिचे वडील फाटकाशी उभे होते, चारला शिक्षण खात्याचे अधिकारी यायचे होते आणि साडेतीनला संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला.

"लेखी काही आहे का? परवानगी वगैरे?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंच्या एका हातात फोन होता. दाराशेजारी उभ्या राहून त्या बोलत होत्या आणि समोर फळ्यावर ती ओळ होती. "नाही," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी ती ओळ पुसली. इतकंच. चार सेकंदही लागले नसतील.

अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडे अशी काही नोंद नाही." दुसऱ्या दिवशी सर खोलीत आले, दार ओढून त्यांनी मागे पाहिलं. फळा कोरा होता. ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी लिहिलं होतं बहुतेक." बाई काही बोलल्या नाहीत. महिनाअखेरीला सरांची नोकरी गेली.

त्या 'बहुतेक'ने बाईंचा बावीस वर्षं पिच्छा पुरवला. आपण हो म्हटलं असतं तर फळा त्याच दिवशी उतरवला गेला असता, पुढचे शेकडो प्रयोग झाले नसते, असा हिशेब त्या मनाशी मांडत. मांडणी बिनचूक होती. उत्तर मात्र गळ्याखाली उतरत नव्हतं.

त्यांनी पाचव्या पानावरचं वाक्य लाल पेन्सिलीने खोडलं, पुस्तिका नणंदेच्या हाती छापखान्यात पाठवली आणि ती परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. सांगितलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. नणंदेने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे फारच झालं.

"वाक्य खोडलंत, झालं की," ती शेवटी म्हणाली.

"नाही झालं. तो फळा व्यासपीठावर मांडणार आहेत. त्याच्यावरूनच निधी देतेय ती. मी त्याच्याशेजारी बसून हसू?"

"मग काय करणार?"

"आधी सरांना भेटते."

पत्ता शोधायला नणंदेला अर्धा तास पुरला. टेलिफोन खात्याचे जुने लागेबांधे असे कामाला येतात.

गुरुवारी सकाळी बाई बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. गुडघे कुरकुरत होते. सरांचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं: पाण्याचे पंप, मिक्सर, पंखे. जळकी मोटार उघडायची, जुनी तार काढायची, वेढे मोजून नवी भरायची. दुकानात व्हार्निशचा वास कोंदला होता आणि तांब्याच्या तारेची रिळं खिळ्यांवर ओळीने लावली होती. सरांचे केस पांढरे झाले होते. एका गिऱ्हाइकाकडून ते कागदावर सही घेत होते. पंप बंद अवस्थेत आला, आवरणाला आधीच तडा होता, सगळं लिहून.

"बाई?" त्यांनी लगेच ओळखलं. हात पुसत उठले, स्टूल पुढे केलं. "तुम्ही इकडे कुठे?"

बाई बसल्या नाहीत. बसलं तर आडवळणाने बोलणं होईल, असं त्यांना वाटलं. "सर, तुम्ही त्या सोमवारी फळ्यावर लिहिलं होतं. मी वाचलं होतं. गुरुवारी अधिकारी यायच्या आधी मी ते पुसलं."

सरांच्या हातात पक्कड होती. ती त्यांनी फळीवर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"हो सर."

"कुठल्या खडूने?"

परीक्षकाने तोंडी परीक्षेत विचारावं तसा तो प्रश्न आला. बाई म्हणाल्या, "पिवळ्या. पांढरे संपले होते त्या आठवड्यात. 'चाक' मोठं लिहिलं होतंत तुम्ही आणि 'गुरुवार'ला जागा उरली नव्हती, तो खाली उतरला होता."

सर स्टुलावर बसले. बाईंसाठी पुढे केलेल्या त्याच स्टुलावर. बाईंना वाटलं होतं की ते म्हणतील, मला ठाऊक होतं, मी तुम्हाला तेव्हाच ओळखलं. शिव्याही देतील. शिव्यांची तयारी करूनच त्या आल्या होत्या.

"मला वाटायचं मीच विसरलो," सर म्हणाले. "मला आठवत होतं लिहिलेलं. पण फळा कोरा. आणि तुम्ही काही बोलत नव्हता. तुम्ही खोटं बोलाल हे डोक्यातच आलं नाही हो माझ्या. तुम्ही! मग म्हटलं, आपल्यालाच भास झाला असणार. आपण न विचारताच केलं आणि पोरीचा हात भाजला. बावीस वर्षं मी हेच धरून चाललोय."

या माणसाची नोकरी आपण घेतली, एवढंच बाईंना माहीत होतं. त्याचा स्वतःवरचा भरवसाही आपण पुसून टाकला होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ते नोकरीपेक्षा कितीतरी मोठं होतं.

"सर, मी..."

"इथे कशाला सांगताय?" सरांचा आवाज एकाएकी चढला. आतल्या दारातून त्यांची बायको बाहेर डोकावली. "इथे मी आणि हे पंप! तिथे सांगितलं होतंत ना, नोंद नाही म्हणून? मग तिथेच सांगा. चारचौघांत सांगा. सांगायचं नसेल तर पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नका."

खरं सांगायचं तर, सर म्हणतील जाऊ द्या बाई, झालं गेलं, अशी एक चोरटी आशा बाई बसमधून सोबत घेऊन आल्या होत्या. परतीच्या बसमध्ये ती नव्हती.

शुक्रवारी सकाळी धाकट्या बाई घरी आल्या. आताच्या मुख्याध्यापिका त्या. मोठ्या बाईंच्या हाताखाली शिकून तयार झाल्या, म्हणून धाकट्या. उद्या कोण कुठे बसणार याचा कागद दाखवायला आल्या आणि बाईंचं म्हणणं ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"बाई, उद्या नका सांगू. हात जोडते. पुढच्या आठवड्यात सांगा, पत्र लिहा, सरांची जाहीर माफी मागा. पण सही होऊ द्या आधी."

"सही त्या फळ्याच्या भरवशावरच होतेय ना?"

"बाकी सगळं खरंच आहे ना पण! एक दिवस वाईट होता तुमचा. एका दिवसासाठी एवढं सगळं पाण्यात घालायचं? तीन शिक्षकांना मी शब्द देऊन बसलेय. त्या संगीताच्या पोराला ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी लाकडी जमीन करायचीय, पायातून ताल कळावा म्हणून. त्याला काय सांगू मी? बाईंना अचानक खरं बोलायची हुक्की आली म्हणून?"

हे बोलणं झोंबलं, कारण ते चूक नव्हतं. बाई खिडकीशी गेल्या. त्यांना लाकडी जमीन दिसत होती, तिच्यावर अनवाणी उभी मुलं दिसत होती. आणि पक्कड ठेवणारा, उचलणारा हात दिसत होता.

"अगं, सही झाल्यावर सांगितलं तर ती फसवणूक होईल," त्या म्हणाल्या. "मग मी दुसऱ्यांदा पुसलं असं होईल."

"तुमचं मन हलकं होईल. भार आम्ही उचलायचा," धाकट्या बाई म्हणाल्या आणि कागद तिथेच टाकून निघून गेल्या. मोठ्या बाईंशी त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या.

नणंदेने दार लावलं. "वहिनी, तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

"हेच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर भीती वाटते."

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. माजी विद्यार्थी, शिक्षक, पालक. व्यासपीठावर टेबल, टेबलावर निधीचा कागद आणि नवंकोरं पेन, आणि बाजूला तीन पायांच्या घोड्यावर तो दारामागचा फळा. शाळेने तो पुसून, काळा रंग देऊन चकचकीत केला होता. प्रत्येक खुर्चीवर पुस्तिका होती. बाईंनी पाचवं पान उघडलं. त्यांनी खोडलेलं वाक्य जागच्या जागी होतं. छापायला शेवटचा होकार धाकट्या बाईंचा असे.

त्यांनी धाकट्या बाईंकडे पाहिलं. धाकट्या बाई समोर बघत होत्या, मान ताठ, कानाच्या पाळ्या लाल. बाईंना राग आला नाही. आपण घडवलेली मुलगी आपल्यासारखीच झाली, याचं वाईट मात्र फार वाटलं.

सगळ्यात मागे, दाराजवळ सर उभे होते; नणंदेने शुक्रवारी फोन करून त्यांना वेळ कळवली होती. शेजारी त्यांची बायको.

ठरलेला क्रम असा होता: आधी कारखानदारणीचं भाषण, मग सही, मग बाईंचे दोन शब्द. कारखानदारीण बोलली आणि छान बोलली. शाळेत असताना आपल्या वर्गाने याच फळ्याच्या परवानगीने एक दिवस शाळेचं दुकान चालवलं होतं, तिथे आपण धंदा शिकलो, असं ती म्हणाली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. ती पेन उचलायला वाकली.

"थांब," बाई म्हणाल्या. ध्वनिक्षेपकाशिवायच म्हणाल्या, पण सातवीचे वर्ग गप्प केलेला आवाज होता तो. "आधी मी बोलते. मग ठरव."

त्या बोलल्या. लिहून आणलेलं काही नव्हतं. सोमवार, ओळ, गुरुवार, फोन, पुसणं, आणि 'नोंद नाही' हे उत्तर, सगळं क्रमाने, गणित सोडवून दाखवावं तसं, एकही पायरी न गाळता. स्वतःसाठी कारण दिलं नाही. "पुस्तिकेतलं पाचव्या पानावरचं वाक्य खोटं आहे," त्या म्हणाल्या. "एका शिक्षकाला मी एकटं सोडलं. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी रीतसर विचारलं होतं, मी रीतसर हो म्हटलं होतं. ते आज इथे आलेत. सर, परवानगी माझी होती. चूकही माझी."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी खोकलं. कारखानदारणीने पेनचं टोपण लावलं. "बाई, आज मला सही करता यायची नाही," ती हळू म्हणाली, आणि फळ्याकडे न बघता व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली. धाकट्या बाईंनी डोळ्यांवर हात घेतला. चहाचे कप मांडून ठेवले होते, ते तसेच राहिले.

पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही: निधी झाला. वर्षभराने झाला, कुणाच्याच नावाचा नाही, आणि त्याच्या नियमांत पहिलाच नियम लेखी परवानगीचा आहे, मुख्याध्यापकाच्या सहीसकट. संगीताच्या त्या तरुण शिक्षकाने मात्र वाट बघितली नाही. तो दुसऱ्या शाळेत गेला. धाकट्या बाई मोठ्या बाईंकडे पुन्हा कधी आल्या नाहीत. हे सगळं बाईंच्या पदरात पडलं आणि त्यांनी ते घेतलं.

पण त्या शनिवारी, सभागृह रिकामं होत असताना, हे काही माहीत नव्हतं. बाई खाली उतरल्या. जुने विद्यार्थी वाट सोडून बाजूला होत होते, नजर चुकवत होते. नणंद आपली दोघींच्या पिशव्या घेऊन मागे उभी. सर निघून गेले होते. त्यांची बायको मात्र खुर्च्यांच्या रांगांमधून सरळ बाईंच्या समोर आली.

"ते बाहेर थांबलेत. त्यांच्याने बोलवत नाही म्हणून मी आले," ती म्हणाली. "तुम्हाला एक सांगायचंय. आमची मुलगी चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली. हात मोडला. जिन्याचं फाटक उघडं राहिलं होतं. ते मी उघडं ठेवलं होतं, बाई. मी. कपडे वाळत घालायला गेले आणि विसरले. त्यांना मी शंभर वेळा सांगितलं. त्यांचा विश्वासच बसला नाही. म्हणायचे, तू मला वाचवतेस, उघडं मीच ठेवलं असणार, माझ्या हातून अशीच पोरं दुखावतात. मुलीला कधी कडेवर घेऊन जिना चढले नाहीत ते. आता ती एकवीसची आहे."

नणंदेने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"काल सकाळी चहा पिताना त्यांनी मला विचारलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा विचारलं. म्हणाले, फाटक खरंच तू उघडं ठेवलं होतंस का गं? मी म्हटलं, हो. तर रडायला लागले. मग हसायला लागले. मला म्हणाले, किती वेंधळी आहेस गं तू."

तिने पदर नाही की रुमाल नाही, सरळ तळहाताने डोळे पुसले.

"आज चारचौघांत सांगितलंत, ते बरं केलंत. पण मी तुम्हाला माफ करणार नाही. हे तोंडावर सांगावं म्हणून आले."

"नका करू," मोठ्या बाई म्हणाल्या.

ती गेली. नणंदेने जवळची एक खुर्ची ओढून बाईंच्या मागे लावली आणि बाई तिच्यावर बसल्या.